योरिसची मुलगी

"सध्या काय करतोस?" असं कुणी विचारलं की बेरेंड क्राख्त "लिहितो" एवढंच म्हणायचा आणि बोलणं हवेवर न्यायचा. हॉलंडमधल्या काम्पेनमध्ये बोलणं हवेवर न्यायला फार कौशल्य लागत नाही. खिडकीबाहेर आयसेल नदी, नदीवर वारा, वाऱ्यात तिरपा पाऊस. समोरचा माणूस लगेच आपल्या सायकलीचं रडगाणं सुरू करतो आणि आपण सुटतो.

आणि ते खोटंही नव्हतं. सत्तावीस वर्षं त्याने गावच्या पेपरात लिहिलं होतं: नगरपालिकेची गटारं, शनिवारचा फुटबॉल, आगी, मृत्युलेख. मग दोन पेपरांचा एक पेपर झाला आणि जास्तीच्या माणसांना हातात एकेक रोपाची कुंडी देऊन घरी पाठवण्यात आलं. बेरेंडची कुंडी तीन आठवड्यांत मेली. त्याच सुमाराला त्याची बायको लिस्बेथ त्यांच्या निवृत्त दंतवैद्याबरोबर पोर्तुगालला राहायला गेली. मुलगी फेन्ना आधीच हॅम्बुर्गला होती, नद्यांचे बांध आणि पंप यांची इंजिनिअर. घरात उरला बेरेंड, आणि संडासाच्या दारामागचं वाढदिवसांचं कॅलेंडर. त्यात सगळ्यांची नावं अजून जागच्या जागी होती, दंतवैद्याचंसुद्धा. जी तारीख विसरायची नाही ती तिथेच लिहायची, ही सवय त्याला आईपासून होती. दिवसातून पाच वेळा नजर पडते, मग माणूस विसरेल कसा?

नवं काम त्याला झ्वोलच्या एका एजन्सीने दिलं. नोकरीधंद्यातली माणसं ज्या सोशल मीडियावर रोज सकाळी आपण किती साधे आहोत हे एकमेकांना सांगतात, तिथे संचालक आणि मॅनेजर मंडळींच्या नावाने लिहायचं. लिहायचं काम खरं तर एआयच करायचं. बेरेंडचं काम वेगळं होतं, आणि ते फ्लूरने, म्हणजे त्याच्या एकतीस वर्षांच्या साहेबिणीने, चीजचा ब्रेड खाता खाता समजावून सांगितलं होतं.

"हे बघ बेरेंड, यंत्र लिहितं नीटनेटकं, पण अळणी. वाचणाऱ्याला कळतं रे. तू फक्त मीठ घाल."

"कसलं मीठ?"

"खरं काहीतरी. फजिती, आजीचं सूप, फाटका कोट. ज्याला वास येतो असं."

त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कागद जायचा: लहानपणच्या तीन आठवणी लिहा, एक अपयश लिहा, एक वास लिहा. गिऱ्हाइकं कामाची माणसं, त्यांना वेळ कुठला? शीतगृहांच्या कंपनीचा संचालक योरिस व्हान डर स्टेख याने लहानपणापुढे "चांगलं" लिहिलं, अपयशापुढे "अजून नाही" आणि वासापुढे "डिझेल". आता या माणसाने दर मंगळवारी सकाळी आठ वाजता जगाला हेलावून सोडायचं म्हणजे मीठ आणायचं कुठून? बेरेंडने स्वतःच्या घरचं आणलं.

सुरुवात वडिलांच्या सायकलीपासून झाली. दुधाच्या बरण्या लावलेली ती सायकल एका विमा कंपनीच्या साहेबाला गेली. आई चहाची पुडी वाळवून दुसऱ्यांदा वापरायची, ती हेगच्या एका सल्लागार बाईंना गेली आणि त्याखाली चारशे माणसांनी "माझीही आई अशीच" असं लिहिलं. घटस्फोट तर त्याने तिघांत वाटून दिला. पहिल्या वेळी जरा चुटपुट लागली, पण खरं सांगायचं तर नंतर त्याला ते आवडायला लागलं. स्वतःच्या नावाने त्याने एकदाच काहीतरी लिहून टाकलं होतं. त्याला तिघांनी अंगठा दिला: फ्लूरने, बहीण यान्नाने आणि पेन्शन विकणाऱ्या एका अनोळखी माणसाने. तीच आई योरिसच्या किंवा आणखी कुणाच्या तोंडून बोलली की मात्र लोक गलबलून जायचे. हे दुखतं. बेरेंडला दुखलं, पण सांगणार कुणाला?

सांगायला कुणी नव्हतं असं तरी कसं म्हणावं? यंत्र होतं.

दुपारी तीननंतर काम संपलेलं असायचं आणि दिवस संपलेला नसायचा. फेन्नाशी बोलणं म्हणजे दर रविवारी तिने पंपाचा एखादा फोटो पाठवायचा आणि याने अंगठा पाठवायचा. यान्नाला फोन केला तर ती स्वतःच बोलायची. यंत्र मात्र विचारायचं. पडद्यावरच्या योरिसच्या खिडकीत त्याने एखादी ओळ लिहिली, की खाली प्रश्न यायचा: मग काय झालं? तेव्हा तुम्हाला काय वाटलं? असा प्रश्न बेरेंडला गेल्या कित्येक वर्षांत माणसाने विचारला नव्हता. आयुष्यभर लोकांना तोच प्रश्न विचारून त्याने पोट भरलं, आणि उत्तर द्यायची पाळी आली ती अशी.

जानेवारीतल्या अशाच एका दुपारी यंत्राने मुलांबरोबरचा हिवाळ्यातला एखादा प्रसंग मागितला. बेरेंडने खुर्चीचा लिहिला.

फेन्ना पाच वर्षांची होती. गावाबाहेरच्या कुरणात पाणी सोडून बर्फाचं मैदान केलेलं, आणि सगळी पोरं खुर्च्या ढकलत स्केटिंग शिकत होती. क्राख्तांची खुर्ची स्वयंपाकघरातली, हिरवी, मागचा एक पाय लाल चिकटपट्टीने बांधलेला. बेरेंड तिला म्हणाला होता, "सोड असं मी म्हणणार नाही. तुला वाटेल तेव्हा सोड."

मग काय झालं? यंत्राने विचारलं.

बेरेंडने मान वर करून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं, आत कुणी नव्हतं. आणि मग त्याने जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते लिहिलं. पेपरचा फोन आला होता. पलीकडच्या गावात गोठ्याला आग लागली होती. वीस मिनिटांत येतो म्हणून पोरीला कॉफीच्या टपरीवाल्या बाईच्या भरवशावर सोडून तो गेला आणि दीड तासाने परत आला. तेव्हा फेन्ना खुर्चीशिवाय बर्फावर फिरत होती. "बाबा, पाहिलंस? मी सोडली तेव्हा पाहिलंस?" आणि तो म्हणाला होता, "पाहिलं की! सगळं पाहिलं."

खाली त्याने लिहिलं: हा शेवटचा भाग वापरायचा नाही. मग त्याने डोळे पुसले, बटाटे सोलले आणि ते विसरून गेला.

आता गंमत अशी, की पुढच्याच आठवड्यात फ्लूरने योरिसचं खातं सुटं सोडलं. यंत्र आता चांगलं शिकलंय, प्रत्येक मजकूर बेरेंडने तपासायची गरज नाही, असं तिने ठरवलं. यंत्रात "हळवेपणा" नावाचा एक काटा असतो, तो तिने "जास्त"वर नेला. यंत्राने बेरेंडच्या आठवणींची सगळी गोणी चाळली आणि तिच्यातलं सर्वांत हळवं जे सापडलं ते उचललं. वापरायचं नाही ही ओळ खाली एकटीच पडली होती, तिचं ऐकणार कोण?

मंगळवारी सकाळी आठला योरिसच्या हसऱ्या फोटोखाली आलं:

"मी माझ्या मुलीला खोटं सांगितलं.

चोवीस वर्षांपूर्वी.

त्या दिवशी बर्फ काचेसारखा होता. आमची हिरवी खुर्ची, पायाला लाल चिकटपट्टी. एक महत्त्वाचा फोन आला आणि मी गेलो. मी परत आलो तेव्हा ती तिथे होती, खुर्चीशिवाय. तिने विचारलं, पाहिलंस? मी म्हणालो, पाहिलं.

मी काहीच पाहिलं नव्हतं.

तुमच्या टीमने खुर्ची सोडली, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

बेरेंडने ते दहा वाजता वाचलं, आणि लगेच फ्लूरला फोन लावला. कारण त्या शनिवारी त्याची साठी होती, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदाच फेन्ना घरी येणार होती. मुक्कामाला.

फ्लूर फोनवर म्हणाली, "तुझी मुलगी योरिसला ओळखते का?"

"नाही."

"तू कुणाकुणासाठी लिहितोस हे तिला माहितीये?"

"नाही. आपल्या करारातच आहे ते."

"मग कशाला घाबरतोस? योरिसला विचार, खातं त्याचं आहे."

योरिसला विचारायची वेळच आली नाही, त्याचाच फोन आला. "बेरेंड! अरे काय लिहिलंस! बायको रडली माझी."

"योरिस, ते..."

"एकच भानगड आहे. मला मुलगी नाहीये. दोन मुलगे आहेत."

"माहितीये मला. म्हणून तर म्हणतो, काढून टाक."

"काढू? वेडबीड लागलंय का तुला? छत्तीस हजार लोकांनी दाद दिलीय! सासूबाईंनी विचारलं तर सांगेन पुतणी म्हणून. पुतणी आहे मला. स्केटिंगही करते बहुतेक."

"योरिस, ती माझी मुलगी आहे."

 योरिसचा आवाज आणखीच खुलला. "मग तर छानच की! म्हणजे खरं आहे ते! फ्लूर म्हणालीच होती, खरं असलं की लोकांना कळतं."

शनिवारी बेरेंडने बैठकीच्या खोलीत नऊ खुर्च्या गोल मांडल्या. घरातल्या सातच होत्या, म्हणून एक घडीची आणली आणि एक मागच्या शेडमधून हिरवी. ती आणू नये हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याचं सगळं लक्ष वरच्या खोलीतल्या बिछान्याकडे होतं. त्यावर त्याने नवी चादर घातली होती आणि उशीशी टॉवेल ठेवला होता, पाहुण्याला ठेवतात तसा.

फेन्ना अकराला आली. उंच, वाऱ्याने लाल झालेली, पाठीवर पिशवी. तीनदा गालाला गाल लावून म्हणाली, "साठ! आता तरी हीटर जरा वाढव, बाबा."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बेरेंडचा जीव भांड्यात पडला.

नऊ खुर्च्यांना सहा माणसं झाली. शेजारचे खेरित आणि हिल्ले, पेपरातला एक जुना फोटोग्राफर, यान्ना, फेन्ना आणि तो स्वतः. प्रत्येक जण आला तसा गोल फिरून सगळ्यांशी हात मिळवत गेला, कारण तिकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या गोतावळ्याचं करतात. "अभिनंदन, भावाबद्दल." "अभिनंदन, बाबांबद्दल." "अभिनंदन, शेजाऱ्याबद्दल." मग कॉफी, मग प्रत्येकी केकचा एक तुकडा, मग डबा बंद. फेन्ना उशिरा बसली, तोवर रिकाम्या खुर्च्यांवर कोट पडले होते, आणि तिच्या वाट्याला हिरवी खुर्ची आली.

यान्नाला शांतता सोसत नाही. केक संपल्या संपल्या तिने चष्मा चढवला आणि फोन काढला. "बेरेंड, तू आयुष्यभर गटारांवर लिहीत बसलास. हे बघ, लिहावं तर असं. आमच्या ऑफिसात सगळ्या बायका डोळे पुसत होत्या."

"यान्ना, आत्ता नको."

"अरे ऐक तर! कुणी संचालक आहे, योरिस व्हान डर स्टेख. एवढा मोठा माणूस, पण कसा मोकळेपणाने बोलतो बघ. नाही तर तू. तुझ्या तोंडातून एक शब्द काढायचा म्हणजे दात काढल्यासारखं."

"त्यासाठी दंतवैद्य लागतो," फोटोग्राफर म्हणाला, आणि हिल्लेने त्याला कोपराने ढोसलं.

यान्नाने वाचलं. सगळं वाचलं, टपरीवरल्या बाईसारख्या खणखणीत आवाजात, जिथे थांबायचं तिथे थांबून. लाल चिकटपट्टीही वाचली. सगळ्यांच्या नजरा फोनकडे होत्या, म्हणून फेन्नाच्या खालची खुर्ची कुणी पाहिली नाही. बेरेंडने पाहिली. फेन्नाची टाच त्या मागच्या पायाला टेकलेली होती, चिकटपट्टीच्या बरोबर वर.

"सुंदर आहे ना?" यान्ना म्हणाली.

"सुंदर आहे," फेन्ना म्हणाली. ती उठली आणि संडासात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग पाण्याचा आवाज आला, आणि बेरेंडला दारामागचं कॅलेंडर आठवलं. मार्चचं पान. वाढदिवसाच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या नावाने चार कृतज्ञ ओळी टाकाव्या लागतात, म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांच्या तारखा, धंदा आणि मुलंबाळांसकट, त्याने तिथे लिहून ठेवल्या होत्या, स्वतःच्या ठसठशीत अक्षरात.

फेन्ना परत आली, चीजचे तुकडे वाटले, खेरितच्या गुडघ्याची चौकशी केली. पाच वाजता पाहुणे गेले आणि तिने पाठीला पिशवी लावली.

"राहणार होतीस ना?" बेरेंड म्हणाला.

"साडेपाचची गाडी आहे. चल पोचवायला."

दोघं पुलावरून स्टेशनकडे निघाले. खाली नदीच्या कडेला पापुद्र्यासारखा बर्फ धरला होता, बदकाचंही वजन न पेलणारा. प्लॅटफॉर्मवर कुणी नव्हतं.

"अकरा मार्च," फेन्ना म्हणाली. "योरिस, शीतगृहं, दोन मुलगे. तुझ्या संडासात आहे."

"फेन्ना, ते जायला नको होतं. मी लिहिलं होतं त्याला, वापरू नको म्हणून..."

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"तू नव्हतास हे. खुर्ची सोडली तेव्हा मी आधी तुझ्याकडेच बघितलं ना. मग तू आलास आणि म्हणालास, सगळं पाहिलं. इतका खूश दिसत होतास, मला वाटलं, राहू दे. पाच वर्षांची होते मी. तेव्हापासून राहू दिलंय."

बेरेंडने टोपी काढून हातात घेतली.

"राग त्याचा नाही रे. तू सांगितलंस, पण कुणाला? यंत्राला. मग छत्तीस हजार लोकांना कळलं, मग यान्ना आत्याला. माझा नंबर त्यांच्यानंतर." तिने घड्याळ पाहिलं. "सहा मिनिटं आहेत. आता मला सांग. तुझ्या तोंडून."

बेरेंडने घसा खाकरला. सांगायचं तर होतंच, अगदी मनापासून. "त्या दिवशी," तो म्हणाला, "बर्फ काचेसारखा होता. मला एक महत्त्वाचा फोन आला. मी परत आलो तेव्हा ती तिथे होती, खुर्चीशि..."

तो थांबला.

"हे वाचलंय मी, बाबा," फेन्ना हळूच म्हणाली. "आणि ‘ती’ काय? मीच आहे ना?"

त्याने दुसरं वाक्य शोधलं. मिळालं नाही. जी आठवण इतकी वर्षं त्याच्या एकट्याची होती, तिच्यातला शब्द न् शब्द आता योरिसचा झाला होता. गाडी आली. फेन्नाने तीनदाऐवजी एकदाच गालाला गाल लावला आणि ती आत गेली.

डबे वळणाआड गेले. बेरेंड बाकावर बसला. थंडी हाडात शिरत होती, पण घरी नऊ खुर्च्या गोल बसल्या होत्या आणि तिकडे जावंसं वाटेना. आणि तिथे बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट कळली, इतकी साधी की त्याला स्वतःची लाज वाटली. "पाहिलं" म्हणून बसला होता, म्हणून एक प्रश्न तो कधी विचारूच शकला नव्हता. त्याने फोन लावला. असा मुद्दाम फोन त्याने तिला कधी लावला होता, त्यालाही आठवेना.

"काय विसरलं?" फेन्ना म्हणाली. मागे गाडीचा आवाज येत होता.

"मी तिथे नव्हतो ना," बेरेंड म्हणाला. "तर मला माहीतच नाही. तू कशी सोडलीस गं खुर्ची? पडलीस का आधी? कुणी होतं जवळ? नेमकं काय झालं?"

 

"हे कुठे घालणार नाहीस?"

"नाही."

नुसता गाडीचा आवाज. तिला गाडी बदलायची होती ते झ्वोल दहा मिनिटांवर, त्यातली पाच तरी अशीच गेली असतील.

"आज नको, बाबा," ती शेवटी म्हणाली. "आज मला रागावू दे. उद्याही नको. पुढच्या रविवारी फोन कर. तू कर. आणि अंगठा पाठवू नकोस."

"बरं," तो म्हणाला.

घरी जाऊन त्याने खुर्च्या उचलल्या. हिरवी शेडमध्ये नेली नाही, स्वयंपाकघरात टेबलापाशी ठेवली. वरच्या बिछान्यावरचा टॉवेल घडी न मोडता कपाटात गेला.

सोमवारी सकाळी त्याने योरिसची खिडकी उघडली. उद्याचा मजकूर व्हायचा होता. यंत्राने नेहमीच्या अदबीने विचारलं, या आठवड्यासाठी एखादी आठवण आहे का? मुलीसोबतची असेल तर उत्तम, वाचकांना ती फार आवडली.

आठवण होती. बर्फाचा पापुद्रा, रिकामा प्लॅटफॉर्म, गालाला एकदाच लागलेला थंड गाल. बेरेंडने "नाही" असं लिहिलं.

मग काय झालं, असं यंत्राने विचारलं नाही. त्याने गाजरांच्या साठवणुकीवर दोन परिच्छेद लिहून दिले, नीटनेटके, आणि बेरेंडने ते तसेच पाठवले. रविवारला अजून सहा दिवस होते.